किराणा दुकानाला भांडवल: पतसंस्था बरी की मुद्रा?

गल्लीतल्या दुकानाची नोंदणी आता फारशी अवघड राहिलेली नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यानंतर मोजकीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते, आणि बँकवाले 'गुमास्ता', म्हणजे दुकानाचा परवाना, 'आणा' म्हणतात तेव्हा तीच दाखवायची. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. किरकोळ दुकानदारांना जुलै 2021 पासून उद्यममध्ये घेतात, पण उपयोग बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच. त्यावर अनुदानाची आशा धरू नये. खरा विचार करायचा तो भांडवलाचा.

मी सांगलीत दुकान टाकलं तेव्हा एका पतसंस्थेचं कर्ज घेतलं. ते फिटल्यावर दुकान वाढवायला सरकारच्या मुद्रा योजनेतून बँकेचं 'किशोर' गटातलं कर्ज घेतलं, म्हणजे 50 हजारांच्या वरचं आणि 5 लाखांपर्यंतचं.

पतसंस्थेचं पहिलं सुख म्हणजे माणसं ओळखीची. सभासद व्हायचं, कर्जातून शेअर्सची रक्कम कापून घेतात, बाकीचे पैसे लगेच हातात. गणपती पेठेत रोखीनं माल उचलायचा असेल तर याला तोड नाही. रोज संध्याकाळी पिग्मीवाला गल्ल्यापाशी उभा राहतो, विक्रीतून जमेल तेवढं द्यायचं आणि महिन्याचा हप्ता त्यातून वळता होतो. नव्या दुकानदाराला ही शिस्त मानवते. व्याज बँकेपेक्षा चढं असतं. ते सरळ, म्हणजे पूर्ण मूळ रकमेवर आहे, की घटत्या शिल्लकेवर, एवढं सहीआधी विचारून घ्या.

माझं मन उठलं ते जामीनदारांमुळे. दोन लागले, त्यातले एक माझे मेहुणे, शिक्षक, कारण पगारपत्रक हवं होतं. पावसाळ्यात उधारी अडकली आणि हप्ता थोडा लांबला, तर संस्थेनं मला विचारायच्या आधी फोन लावला तो मेहुण्यांना, शाळेच्या वेळात. ते एका शब्दानं बोलले नाहीत. बहिणीनं मात्र विचारलं, "दादा, दुकान नीट चाललंय ना?" पैसे चार दिवसांत भरले, पण तो प्रश्न कर्ज फिटेपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. थकबाकी वाढली तर सहकार कायद्याच्या कलम 101 ची वसुली जामीनदारालाही लागते. शिवाय जामीनदार स्वतः घरासाठी कर्ज काढायला गेले की आधी विचारतात, कुणाला जामीन आहात का?

मुद्रात तारण नाही आणि बाहेरचा जामीनदारही नाही. बँकेला हमी सरकारच्या निधीची असते. त्रास आहेच. शाखेत कोटेशन, प्रकल्प अहवाल, खात्यावरची उलाढाल असं सगळं मागतात, आणि 'पुढच्या महिन्यात या' हेही ऐकावं लागतं. फ्रीज नि रॅकचे पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात गेले, माझ्या हातात काही आलं नाही. पण हप्त्याची चिंता माझी आणि बँकेची, तिसऱ्या घरात फोन नाही. परतफेड सिबिलवर दिसते, ती पुढच्या कर्जाला कामी येते.

प्रत्येकाची गरज वेगळी. सणाच्या आधी आठवड्यात माल भरायचा असेल, बँकेत खातं नवं असेल, तर पतसंस्थेला नाव ठेवणार नाही. फक्त साठवलेले पैसे तिथे फार ठेवू नयेत. बँकेतल्या ठेवीला असणारं 5 लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नाही. महिना-दोन महिने थांबता येत असेल तर मी मुद्राकडे बघेन. तिथे अर्ज करताना सगळी रक्कम मुदत कर्जात मागू नका. फ्रीज-रॅकपुरतं मुदत कर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट मागा, म्हणजे जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज लागेल.