१५०-६०० झूम, अख्खा सीझन कड्यावर: लेन्स घसरते!

स्पेक्स सगळ्यांना पाठ असतील, त्यात पडत नाही. एप्रिल ते जुलै ही कॅमेऱ्याची १५०-६०० मिमी लेन्स (आकडा मोठा तितकं दृश्य जवळ) इंग्लंडमधल्या बेम्प्टनच्या कड्यावर समुद्रपक्ष्यांसाठी वापरली आणि मला मुख्यतः एकाच गोष्टीवर बोलायचंय, झूम घसरणं. सपाटीवर कधी जाणवलंच नव्हतं, पण कड्यावर कुंपणाशी उभं राहून लेन्स खाली रोखावी लागते आणि मग स्वतःच्याच वजनाने पुढचं नळकांडं हळूहळू बाहेर येतं. लॉक आहे, पण तो फक्त १५० वर लागतो, म्हणजे नेमका नको तिथे.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी गिलेमॉटचं पिल्लू उडी मारणार असं वाटत होतं. हे पक्षी घरटं बांधतच नाहीत, उघड्या कपारीवर एकच अंडं, आणि पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की नीट उडता येत नसतानाच सरळ समुद्रात उडी टाकतं, बाप खालून हाका मारत असतो. दीड तास ३०० वर फ्रेम लावून बसलो, मधे चहा प्यायलो तेवढंच. उडी पडली तेव्हा फ्रेममध्ये नुसता खडक, लेन्स ६०० ला पोचलेली. काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही.

सर्व्हिसवाला म्हणे 'हे नॉर्मल आहे', झूमची रिंग टाइट करायचे वेगळे पैसे. वॉरंटीत! दिले नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून रिंगच्या सांध्यावर चढवली, घसरणं बंद.

तेव्हा 'घेऊ नका' असंच लिहिणार होतो. पण जुलैत समुद्रावरून जोराचा वारा सुटला आणि गॅनेट, म्हणजे मोठे पांढरे समुद्रपक्षी, कड्याच्या काठाशी, अगदी डोळ्यांसमोर तरंगायला लागले, पंखांचा पसारा पावणेदोन मीटरच्या आसपास. शेजारी ६०० ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेऊन आलेला बाबा मागे मागे सरकत होता तरी त्याला चोच आणि डोकंच मिळत होतं, मी आरामात २०० वर. तिथे मत बदललं.

बाकी फोकस म्हणाल तर गॅनेटचा फिकट निळा डोळा झटकन पकडतो, गिलेमॉटच्या गडद डोक्यातला काळा डोळा मात्र शोधत बसतो, पण ते कॅमेऱ्याच्या बॉडीचं दुखणं, लेन्सचं नाही. गडद पाण्यावर पांढरा गॅनेट असेल तर एक्स्पोजर मायनस एक ठेवा (म्हणजे फोटो थोडा गडद), नाहीतर पिसं जळतात, नुसती पांढरी दिसतात. आणि घरी आलात की ओलसर फडक्याने मीठ पुसा, मी आळस केला तर आठवड्यात रिंग करकरायला लागली.

पट्टी अजून आहे. उन्हाने चिकट झाली की नवी कापतो, ट्यूब बरीच शिल्लक आहे.