पार्लमेंट डिजिटल लायब्ररी : सरकारी जमिनींच्या कारभाराचा माग काढणाऱ्यासाठी

पुणे, खडकी वा देहूरोडच्या छावणी (कॅन्टोन्मेंट) हद्दीत राहणाऱ्याला ओल्ड ग्रँटचे (जमीन सरकारची, बांधकाम खासगी) बंगले आणि मुदत संपलेले भाडेपट्टे हे शब्द नवे नाहीत. संरक्षण मंत्रालयाच्या सुमारे १८ लाख एकर जमिनीचा कारभार पाहणाऱ्या खात्याला जाब कोण विचारतो, हे कागदोपत्री पाहायचे असेल, तर पार्लमेंट डिजिटल लायब्ररी ही संसदेच्या दस्तऐवजांची मोफत ऑनलाइन सेवा उपयोगी पडते.

भाडेपट्ट्यांपासून लष्करी जमिनीवरील गोल्फ मैदानांपर्यंतच्या प्रश्नांवर कॅगने (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) २०१०-११ च्या अहवाल क्रमांक ३५ मध्ये बोट ठेवले होते. तो अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर वाचावा लागतो. मात्र कॅगने आक्षेप घेतल्यानंतर संसदीय समित्या काय करतात, ते समजून घेण्याची जागा ही. कॅगचे अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीत २२ खासदार असतात, मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसल्या, तरी उत्तर द्यावेच लागते.

वाचण्याजोगा खरा ऐवज समितीच्या मूळ अहवालापेक्षा त्यानंतरच्या कार्यवाही अहवालात, म्हणजे शिफारशींवर सरकारने काय केले हे मांडणाऱ्या अहवालात सापडतो, असे माझे मत आहे. त्याची पाच प्रकरणे ठरलेली असतात. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी असतात, तर तिसऱ्यात समितीने पुढे न रेटलेल्या. घाईत असलेल्याने थेट चौथे प्रकरण उघडावे, कारण मंत्रालयाचे जे उत्तर समितीला पटलेले नाही, ते तिथे शिफारशीसह छापलेले असते आणि ‘बाब विचाराधीन आहे’ या सरकारी वाक्याची खरी किंमत तिथेच कळते. पाचव्यात नुसती अंतरिम उत्तरे असतात. ते प्रकरण जाडजूड दिसले, की खाते वेळ काढते आहे असे खुशाल समजावे.

उणिवा आहेतच. समित्यांचे अहवाल इंग्रजी व हिंदीत असतात, मराठीत नाहीत. छावणीतल्या सामान्य भाडेपट्टेदारासाठी ही अडचण लहान नव्हे. जुने दस्तऐवज मूळ पानांच्या प्रतिमा असल्याने त्यांतला मजकूर शोधण्यावर फार विसंबू नये. आधी समिती, मग लोकसभेचा क्रमांक (म्हणजे कितवी लोकसभा), आणि त्यानंतर विषय, या क्रमाने गेलेले बरे. संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवालही जोडीने चाळावेत, कारण छावण्यांचा विषय तिच्याकडे अनुदानाच्या मागण्यांच्या (मंत्रालयाच्या वार्षिक खर्चाच्या प्रस्तावांच्या) निमित्ताने येत असतो.