एअरब्रश, कॉम्प्रेसर आणि उघड्या पत्र्याचं मिग-21: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये मी प्लास्टिकची मॉडेल विमानं रंगवायला 3 लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर आणि 0.3 मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश घेतला, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं, हवा आणि रंग एकाच ट्रिगरने सोडणारं हत्यार. दोन्ही चिनी बनावटीचे, मिळून बारा हजारांच्या आसपास. तेव्हापासून हिवाळा, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा ही जोडी ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत चालते आहे. खोकं उघडल्या उघडल्या लिहिलेले रिव्ह्यू पुष्कळ सापडतात. पण पहिल्या आठवड्यात सगळंच छान चालतं, म्हणून मी मुद्दाम थांबले.

आधी निकाल सांगते. प्लास्टिकची विमानं नुकतीच जोडायला लागला असाल तर एवढा खर्च करू नका. चांगला चपटा ब्रश आणि पातळ केलेला ॲक्रिलिक रंग खूप लांबपर्यंत नेतो. माझे पैसे वसूल झाले ते एका विमानामुळे: भारतीय हवाई दलाचं, रंग न दिलेल्या उघड्या पत्र्याचं मिग-21 एफएल. तो पत्रा ब्रशने दाखवता येत नाही.

हे विमान आपल्याकडे ‘टाइप 77’ म्हणून ओळखलं जायचं. मिग-21 भारतात आलं 1963 साली, चंदीगडच्या 28 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये, आणि शेवटचं बायसन, म्हणजे मिग-21चा सुधारित प्रकार, निवृत्त झालं 26 सप्टेंबर 2025 रोजी, तेही चंदीगडलाच. मधल्या काळात आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात साडेसहाशेच्या वर मिग-21 तयार झाली. इंजिनं ओडिशात कोरापुटला बनायची. ओझरला मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं मिग म्हणजे हे एफएल. नाशिककडच्या कितीतरी घरांमध्ये कुणी ना कुणी त्या शेडमध्ये नोकरीला होतं. माझ्या मावशीचे दीर त्यांतलेच. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो.

मी 1/48 प्रमाणाचं किट घेतलं होतं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण 149 मिलिमीटर. वीतभर सुद्धा नाही. एवढ्याशा जागेत हे एफएल आहे, सुरुवातीचं एफ-13 किंवा पुढचं एम किंवा बिस नाही, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यासाठी तीन जागा पाहायच्या. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच: एफएलची एकसंध, समोरच्या काचेसकट पुढे कलून उघडणारी, नंतरच्या विमानांची बाजूला उघडते. शेपटीचं बूड: तिथे ब्रेक पॅराशूटचं नळकांडं, आणि त्यावर रुंद उभी शेपूट; एफ-13ची शेपूट अरुंद, एम आणि बिसची मात्र अशीच. तिसरी जागा पाठ. एफएलची पाठ सडपातळ. पुढच्या प्रकारांमध्ये तिथे जास्त इंधन आलं आणि पाठ जाडावत गेली. शिवाय एफएलला अंगभूत तोफ नव्हती. ती उणीव भरून काढायला पोटाखाली जीपी-9 नावाचा पॉड बांधायचे, त्यात 23 मिलिमीटरची दुनळी तोफ. 12 डिसेंबर 1971 रोजी 47 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमान पाडलं, ते याच तोफेने. किटच्या स्प्रूवरचे, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीवरचे, ते दोन-तीन करड्या प्लास्टिकचे तुकडे कापताना हे माहीत असलं की हात आपोआप हलका पडतो.

फोटो गोळा करायला मला किट जोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो वेळ आनंदाचा होता. भारत-रक्षक या संकेतस्थळावर जुने फोटो आहेत, पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं विमान आहे. गावोगावी चौकात नाहीतर कॉलेजच्या आवारात खांबावर चढवलेली मिग-21 सुद्धा आहेत, पण त्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. त्यांचा आकार, झाकणं, रिव्हेटच्या ओळी विश्वासाने टिपून घ्या. रंग मात्र टिपू नका. ऊन-पावसात टिकावं म्हणून त्यांच्यावर पुन्हापुन्हा चंदेरी ऑइल पेंट चढलेला असतो, आणि क्रमांकही कधीकधी रंगाऱ्याच्या हाताचे असतात. रंगासाठी विमान सेवेत असतानाचेच फोटो पाहायचे, कृष्णधवल असले तरी. कृष्णधवल फोटोत तर पत्र्यापत्र्यातला फरक उलट जास्त स्पष्ट दिसतो: नाकाजवळचं झाकण उजळ, त्याला लागूनचं मळकट, पंखाच्या मुळाशी बुटांनी घासलेला पट्टा.

प्लास्टिक जोडून झालं, रंग लागायचा होता, तेव्हा अण्णा घरी आले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मॉडेल नाकाजवळ नेलं आणि पंखाच्या मागच्या बाजूला, विमानाच्या पोटाभोवती जाणाऱ्या एका रेघेवर नख ठेवलं.

“अगं, ही रेघ एवढी बारीक? इथूनच तर सगळं शेपूट सुटायचं. बोल्ट काढायचे, ट्रॉलीवर मागे ओढायचं, मग इंजिन बाहेर. सगळ्यात ठसठशीत जोड हाच.”

खरंच, मिग-21चं इंजिन बदलायचं तर मागचा अर्धा भाग वेगळाच करावा लागतो. किटमध्ये ती रेघ बाकीच्या पॅनल लाइनच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेघांच्या, जाडीचीच होती. मी स्क्रायबरने, म्हणजे रेघा कोरायच्या टोकदार हत्याराने, ती आणखी खोल केली. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: शेपटीकडचा पत्रा कधी चकचकीत नसायचा. मग एकच चंदेरी रंग मारण्याचा विचार मी सोडला आणि तीन छटा ठरवल्या. पंखांना व्हाइट ॲल्युमिनियम, मुख्य अंगाला ॲल्युमिनियम आणि जोडाच्या मागच्या भागाला डार्क ॲल्युमिनियम. तिन्ही अल्क्लाड लॅकर, म्हणजे वाळल्यावर धातूसारखे दिसणारे रंग.

एअरब्रशची खरी परीक्षा इथे झाली. हे लॅकर बाटलीतून थेट वापरायचं, पातळ करावं लागत नाही, आणि दाब 12 ते 15 पीएसआय (साधारण 1 बार) इतकाच हवा. स्वस्त कॉम्प्रेसर कमी दाबावर धडधडतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी पडतो, असं मी ऐकून होते. टाकी असल्यामुळे तसं अजिबात झालं नाही. मोटर टाकी भरते, 4 बारला बंद होते, दाब 3 बारपर्यंत उतरला की पुन्हा सुरू होते. रेग्युलेटरमधून बाहेर पडणारी हवा मात्र एकसारखी राहते. बिनटाकीचा कॉम्प्रेसर दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो. धातूचा रंग मारायचा असेल तर त्या मोहात पडू नका.

खाली काय रंग द्यायचा, हाही अभ्यासाचाच भाग. चकचकीत काळ्यावर हे लॅकर मारलं की आरशासारखं दिसतं, आणि पहिल्यांदा पाहताना माणूस हरखून जातो. पण सेवेतल्या मिगच्या फोटोत आरसा कुठेच नाही. म्हणून मी अर्धचकाकीचा गडद करडा दिला. ट्रिगर दाबून हवा आधी सोडायची, मग जेमतेम केसभर मागे ओढायचा, आणि हात थांबू द्यायचा नाही. पहिल्या फेरीत पृष्ठभागावर नुसती धूळ बसल्यासारखी वाटते. दुसऱ्या फेरीत ती धूळ एकमेकांत मिसळते. तिसऱ्या फेरीत अचानक तो पत्रा होतो, रिव्हेटच्या ओळींसकट. रंगाचा थर इतका पातळ की एकही रिव्हेट बुजत नाही. मग मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावून एकेक झाकण वेगळ्या छटेत. टेप काढताना लॅकर कुठेही उचललं गेलं नाही. शेवटी नाकातल्या शंकूला आणि शेपटीच्या टोकाला हिरवा रंग. त्या हिरव्याशेजारी पत्रा जसा उठून दिसतो, त्यासाठी सगळी मेहनत मी पुन्हा आनंदाने करीन.

आता पावसाळा. आपल्या हवेत, म्हणजे मुंबई-ठाणे-कोकण-गोव्यात, एअरब्रशचा मोठा शत्रू पाणी आहे. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो तेव्हा ती तापते. नळीतून येता येता गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. जुलैमध्ये रेग्युलेटरखालच्या काचेच्या वाटीत तासाभरात पाणी दिसायचं. तरीही काही थेंब पुढे यायचेच, आणि ओल्या चंदेरी रंगावर पाण्याचा एक थेंब म्हणजे ते झाकण पुन्हा पहिल्यापासून. एअरब्रशच्या दांड्याला जोडायचा छोटा पाणी अडवणारा फिल्टर वेगळा मिळतो. तो लावल्यावर हा त्रास संपला. दुसरा त्रास लॅकरवर पांढुरकी झाक येण्याचा. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. साध्या रंगीत लॅकरला मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर वापरलं तर ते सावकाश वाळतं आणि झाक येत नाही. धातूच्या लॅकरच्या बाबतीत मी सरळ कोरडा दिवस निवडते. श्रावणात ऊन पडलं की बाकीची कामं बाजूला.

वास उग्र असतो, हे गंमतीवारी नेऊ नका. खिडकीत एक्झॉस्ट फॅन आणि तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क, याशिवाय लॅकर मारू नये. कापडी मास्कने काही होत नाही. आवाजाचं म्हणाल तर कॉम्प्रेसर खाली जाड रबरी चटई घातली तर शेजारच्या खोलीत माणूस झोपू शकतो. मे महिन्यात मात्र सलग पाऊण तास चालला की मोटरचं डोकं हात लावू नये इतकं तापायचं, तेव्हा थांबायचंच.

तक्रारी कॉम्प्रेसरबद्दल नाहीत, एअरब्रशबद्दल आहेत. आतल्या रबरी रिंगा लॅकर थिनरने फुगल्या आणि सुई अडकायला लागली; टेफ्लॉनच्या रिंगा शोधून बसवाव्या लागल्या. होळीच्या सुमारास कपच्या आतलं क्रोम एका जागी सुटलं. नोझल नखाच्या अर्ध्याएवढं, त्याचे आटे इतके नाजूक की पान्याचा जरा जोर झाला तर आटे आतच राहतात. सुईचं टोक अगदी बारीक वाकलं तरी फवारा एका बाजूला ओढतो. 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई फिरवत घासली की सुधारतो, पण कायमचा नाही. बॉक्ससोबत सुटे भाग आले नव्हते आणि विक्रेत्याकडे नोझल मिळेपर्यंत बरेच आठवडे गेले. रोज वापरणाऱ्याने हा एअरब्रश घेऊ नये.

आता माझ्या टेबलावर दुसरं एफएल आहे, 1971च्या युद्धकाळातलं, रंगवलेलं. त्या वर्षी चंदेरी मिगवर घाईघाईने कॅमोफ्लाज चढवलं गेलं, आणि ते विमानागणिक वेगळं होतं. 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर 57 मिलिमीटरच्या रॉकेटांचा मारा करणारी मिग त्याच काळातली. इथे एअरब्रश हवा की ब्रश, हे त्या त्या विमानाचा फोटोच ठरवतो. गणित सोपं आहे: खऱ्या विमानावर दोन रंगांमधली विरळ कड 5 सेंटिमीटर असेल तर 1/48 मध्ये ती जेमतेम 1 मिलिमीटर. 0.3 नोझलने 1 मिलिमीटरची कड निघते, पण दाब 10 पीएसआयच्या आसपास आणि सुईचं टोक निर्दोष असेल तरच. फोटोत कड कडक दिसत असेल, तर मी एअरब्रश बाजूला ठेवते आणि साधा ब्रश घेते. हिरव्याच्या फटीतून खालचा पत्रा डोकावतो, म्हणून आधी पूर्ण विमान चंदेरी करायचं आणि मगच हिरवा. त्या खालच्या थरासाठी एअरब्रशला पर्याय नाही.

साफसफाईला दर वेळी रंगकामाच्या निम्मा वेळ धरा. रंग बदलताना कपमध्ये थिनर फिरवलं की पुरतं, पण चंदेरीनंतर सुई आणि नोझल काढूनच धुवायचं. नाहीतर धातूचे कण पुढच्या हिरव्यात चमकतात.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर कॉम्प्रेसर हाच घेईन. एअरब्रशसाठी तिप्पट पैसे मोजून सुटे नोझल भारतात सहज मिळतात असा जपानी घेईन, आणि पाण्याचा जादा फिल्टर पहिल्याच ऑर्डरमध्ये टाकीन. हाच कॉम्प्रेसर घेणार असाल तर टाकीच्या बुडाशी पाणी सोडायचा एक छोटा स्क्रू आहे. माझ्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता. पावसाळ्यात काम संपलं की तो रोज सैल करा. आतून तांबूस पाणी येतं, आणि ते साचू दिलं तर टाकी आतून गंजते.