चौदा महिने, १९,००० किलोमीटर आणि न उघडणारी डिकी

आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा हा अनुभव मी मार्चमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हा त्यात कौतुकाशिवाय काही नव्हतं. अमळनेरहून धुळे, जळगाव, चोपडा अशा फेऱ्या, घरच्या घरी चार्जिंग आणि पेट्रोल पंपाचं तोंड बघायचं नाही. लिहिलेलं अर्धवटच राहिलं. मग आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावरच्या शनिवारी सारंगखेड्याला गाडी मुकाट बंद पडली. ते मार्चमधलं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून लिहिते आहे.

गाडीचं नाव देत नाही. जे झालं ते कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीत होऊ शकतं आणि बॅटरी, रेंज वगैरे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. आमची ४० युनिटच्या आसपासची आहे. आमच्या उन्हात एसी लावून अडीचशे-दोनशे साठ किलोमीटर धावते, एवढं पुरे.

नणंद आखाजीला माहेरी आली होती. पोरांना झोक्याचा कंटाळा आला आणि अमळनेरचा उन्हाळा काही हटेना, तेव्हा तोरणमाळला एक मुक्काम करून यायचं ठरलं. मी, आमचे हे, सासूबाई (आई), नणंदताई, माझी मुलगी आणि नऊ वर्षांचा भाचा. बेटावद, नरडाणा, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असा रस्ता. पहाटे १०० टक्के चार्ज करून निघालो आणि सारंगखेड्याला ६६ टक्के उरले होते. वर घाटात जास्त खाणार हे धरून, मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंगला पंधरा अँपिअरचं सॉकेट मिळेल का, हे आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं. म्हणजे बेपर्वाईने निघालो होतो असं नाही.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायला मी, ताई आणि आई खाली उतरलो. हे आणि मुलं लिंबाच्या सावलीत गाडीतच थांबले. आमच्या ह्यांनी विचार केला की उगाच चार्ज कशाला जाळायचा. म्हणून गाडी पूर्ण चालू न ठेवता ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं, काचा खाली घेतल्या आणि पंखा, गाणी, मोठा स्क्रीन चालू ठेवला. अर्ध्या तासाने आम्ही आलो. बटण दाबलं तर स्क्रीन लुकलुकला, आतून टकटक असा बारीक आवाज आला आणि सगळं काळंठिक्कर. काचा खालीच राहिल्या. गिअर पी वरून हलेना. डिकीचं बटण दाबलं तर तीही उघडेना.

इथून पुढे मी जे लिहिणार आहे ते बरंचसं त्या डिकीबद्दलच आहे.

आईंना मधुमेह आहे. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे इन्सुलिन कसं न्यायचं हे मला कुणी शिकवायला नको. न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत, वापरातलं पेन तीस अंशांच्या आत. सगळी पेनं निळ्या थर्मासच्या पिशवीत, बर्फाच्या पाकिटांसकट, सगळ्यात शेवटी डिकीत ठेवली होती, म्हणजे उतरताना पहिली हाताला येतील. पाण्याचा कॅन तिथेच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी तिथेच. बाहेर एकेचाळीस अंश. सावली सरकली होती आणि मागच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

डिकीला चावीचं भोक नाही. हँडलच्या खाली रबराचं बटण आहे, ते दाबलं की मोटर खटका सोडते. वीज नसेल तर मोटर नाही, मोटर नाही तर डिकी नाही. चौदा महिने मी ते बटण दाबत होते आणि वीज गेल्यावर हे कसं उघडायचं हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. गाडी विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. माहितीपुस्तकात आहे म्हणे. ते पुस्तकही डिकीत होतं.

शेवटी मागच्या सीटची पाठ खटका ओढून पुढे पाडली. तो खटका साधा आहे, त्याला वीज लागत नाही. दोन बॅगा पुढे ओढल्या आणि भाचा मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून आत सरपटत गेला. त्याचे फक्त तळपाय दिसत होते. "मामी, निळी ना?" असं त्याने आतून विचारलं आणि पिशवी ढकलत ढकलत आणली. मी झिप उघडून आधी बर्फाच्या पाकिटाला हात लावला. अजून घट्ट होतं. तेव्हा कुठे माझा जीव खाली बसला.

दरम्यान ह्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला होता. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण त्याचा एकच प्रश्न, "सर, चार्ज संपला आहे का?" हे सांगत होते, ६६ टक्के आहेत. तो पुन्हा, "मग जवळच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत नेता येईल का?" गाडी जागेवरून हलत नाही म्हटल्यावर म्हणाला, गाडी उचलून नेणारा ट्रक पाठवतो, साडेचार तास लागतील. साडेचार तास, वैशाखात, एका म्हाताऱ्या बाईला आणि दोन पोरांना घेऊन. आई तेवढ्या उन्हातही शांत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मंग आते काय करनं?"

त्या क्षणी मला विचाराल तर गाडी विकायचीच होती. मी ताईला तसं बोलूनही दाखवलं.

मग शहाद्याकडे जाणारी पपईची पिकअप थांबली. चालक खाली उतरला. "काय व्हयनं ताई? बॅटरी उतरनी का?" आम्ही म्हटलं, इलेक्ट्रिक आहे. त्याने बॉनेट उघडायला सांगितलं. बॉनेटची तार साधी असते, ती ओढून उघडते. आत डोकावून त्याने डाव्या बाजूच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. आपल्या जुन्या पेट्रोल गाडीत असते तीच, तेवढीच, बारा व्होल्टची बॅटरी. त्याच्याकडे जम्पर केबल होत्या, पण तो जरा थबकला. "करंट तं नही लागी ना?" हा प्रश्न रास्त होता. गाडी पळवणारी मोठी बॅटरी काही शे व्होल्टची असते आणि तिच्या जाड केबली नारिंगी रंगाच्या असतात, त्यांना हात लावायचाच नाही. बारा व्होल्टची बाजू मात्र इतर गाड्यांसारखीच. लाल लालला जोडली, काळी आमच्या बाजूला बॅटरीला न लावता इंजिनखोलीतल्या लोखंडाला. दोन मिनिटं थांबून बटण दाबलं. आतून ठक् असा एकच जाड आवाज आला आणि स्क्रीनवर हिरवं रेडी दिसलं. खाली ६६ टक्के, जसेच्या तसे.

तो पैसे घेईना. आईंनी दशम्यांची पुडी त्याच्या हातात दिली तेवढी घेतली. आमच्याकडे कुणी अडलेल्याला पाहून पुढे जात नाही, हे मला नव्याने कळलं असं नाही, पण त्या दिवशी त्याची किंमत कळली.

आता मूळ मुद्दा, कारण तो मला चौदा महिन्यांत कुणीही नीट सांगितला नव्हता. गाडी धावते ती मोठ्या बॅटरीवर, पण मोठी बॅटरी एरवी गाडीपासून तुटलेली असते. सुरक्षिततेसाठीच. ती जोडणारे मोठे रिले (विजेवर चालणारे खटके) ओढायला, कॉम्प्युटर जागा करायला, कुलपं, काचा, हॉर्न, सगळ्याला बारा व्होल्टची छोटी बॅटरी लागते. ती मेली की टाकी भरलेली असून नळ उघडत नाही. गाडी रेडी असली की मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर छोटीला भरत राहतो, जुन्या गाडीत अल्टरनेटर भरायचा तसंच. पण नुसतं बटण दाबून गाणी लावली की आमच्या गाडीत तो कन्व्हर्टर बंद असतो. म्हणजे ह्यांनी चार्ज वाचवायला जे केलं त्यानेच गाडी बंद पडली. एसी लावून गाडी रेडीत ठेवली असती तर अर्ध्या तासात फार तर एक-दोन टक्के गेले असते.

आणि दुसरं म्हणजे ऊन. शिशाच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ ला जातो आणि गाडी उघड्यावर उभी असते. आमच्या छोट्या बॅटरीने दोन उन्हाळे धरले नाहीत.

परत फिरायचं की पुढे जायचं? मी म्हटलं, पुढे. शहाद्यात गाडी रेडीत ठेवूनच, ह्यांना आत बसवून, मी जम्पर केबल आणि व्होल्ट मोजायचा साधा मीटर घेतला. दोन्ही मिळून ९५० रुपये. म्हसावद, राणीपूर, मग सातपायरीचा घाट. वर पोचलो तेव्हा २७ टक्के होते. रात्रभर पंधरा अँपिअरवर लावली. मधे दोनदा लाइट गेली, तरी सकाळी ८८. मोठी बॅटरी चार्जिंगला असते तेव्हा छोटीही भरत राहते, त्यामुळे सकाळी गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. छोट्या बॅटरीला मीटर लावून पाहिलं, १२.३ व्होल्ट. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. यशवंत तलावाच्या काठावर गार वाऱ्यात आई तासभर बसल्या. उतरताना ब्रेकला फारसा पाय लावला नाही. मोटरच गाडी धरत होती आणि वीज परत भरत होती. वर ८८, खाली राणीपूरला ८९. घाट उतरून चार्ज वाढलेला पाहिला आणि गाडी विकायचा विचार तिथेच गेला.

सर्व्हिस सेंटरचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुन्हा डोकं फिरेल. तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा म्हणाले, बॅटरीवर आठ वर्षं वॉरंटी आहे, पण ती मोठ्या बॅटरीवर. छोटीचे ६,८०० रुपये भरा. दुसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही बाहेरून डॅशकॅम बसवलाय, त्याने उतरली. डॅशकॅम सिगारेट लायटरच्या सॉकेटवर आहे आणि गाडी बंद केली की ते सॉकेट बंद होतं, हे मी तिथेच उभी राहून मीटर लावून दाखवलं. लोड टेस्टचा, म्हणजे भार देऊन बॅटरी तपासल्याचा, कागद लेखी मागितला. तिसऱ्या फेरीला त्या कागदावर एक सेल खराब निघाला आणि नवीन बॅटरी फुकट बसली. रुपयाचा प्रश्न होताच, का नसावा. पण त्याहून जास्त राग खराब सेलचं खापर गिऱ्हाइकावर फोडण्याचा होता.

पैशांचं म्हणाल तर महिन्याला तेराशे-साडेतेराशे किलोमीटर होतात. दोनशेवर युनिट वाढले आणि स्लॅब चढल्यामुळे सुरुवातीला बिल तीन हजारांनी वाढलं. तरी जुन्या गाडीला तेवढ्याच अंतराला साडेनऊ हजारांचं पेट्रोल लागायचं. पुढे सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॉटचे सोलर पॅनल बसवले, ७८,००० अनुदान मिळालं. ऊन आमच्याकडे आहेच, त्याचं काहीतरी झालं.

कंपनीला मी दोन गोष्टी लिहून पाठवल्या आहेत. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर छोट्या बॅटरीचा व्होल्टेज दाखवा, बाराच्या खाली गेला की सांगा. आणि डिकीला एक साधी तार द्या, आतून ओढता येईल अशी. दोन महिने झाले, तक्रार क्रमांकापलीकडे उत्तर नाही.

तेव्हा आमच्या गल्लीतल्या स्कूटरवाल्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने डिकीच्या आतलं प्लास्टिक काढलं, तर कुलपाला हाताने ढकलायचा खटका होताच, पांढरा, बोटाएवढा, झाकणामागे दडवलेला. त्याने त्याला स्कूटरची क्लच वायर बांधली आणि मागच्या सीटखाली आणून तिला एक कडी लावली. १२० रुपये झाले. मीटर आता ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो आणि निळी पिशवी आईंच्या पायाशी.