एका पेनड्राइव्हवर आठ महिने: डेबियन आणि मिंट टाकतानाचा अनुभव

गेल्या वर्षी चवथ झाल्यावर गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावच्या वाचनालयातले सातही कॉम्प्युटर लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टीमवर, न्यायचं ठरलं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्ट विंडोज १०चे मोफत अपडेट थांबवणार होती आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेसाठीची चिप आमच्याकडच्या एकाही मशीनमध्ये नव्हती. मशीन मात्र धडधाकट होती. ती भंगारात घालायला मन होईना. लिनक्सचाच एक प्रकार असलेलं डेबियन १३ नुकतंच, ९ ऑगस्टला, आलेलं होतं.

तेव्हापासून वाचनालयातली सात, गावातल्या मुलांचे लॅपटॉप आणि साखळी शहरातल्या नातेवाइकांची काही, अशी अठरा मशीन झाली. कुठे डेबियन, कुठे लिनक्सचाच दुसरा प्रकार असलेलं मिंट. सिस्टीम एकदा बसल्यावर फारसा त्रास कुठेच झाला नाही. अडलो ते त्याच्या आधी, आणि जवळजवळ दर वेळी दोष पेनड्राइव्हमध्ये किंवा पेनड्राइव्हपासून मशीनपर्यंतच्या वाटेत निघाला. म्हणून हे सगळं त्या पेनड्राइव्हबद्दलच लिहितो आहे.

सुरुवात व्हेंटॉय या प्रोग्रॅमने केली. हे एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ फाइल (सिस्टीम बसवायचं सगळं सामान असलेली एकच फाइल) नुसती कॉपी करायची. चालू करताना यादी येते, त्यातून हवी ती निवडायची. एकाच पेनड्राइव्हवर डेबियनची नेट-इन्स्टॉल (बाकीचं इंटरनेटवरून उतरवणारी) आणि डीव्हीडी (इंटरनेटशिवाय चालणारी) अशा दोन्ही, मिंट, आणि एका जुन्या नेटबुकसाठी डेबियन १२ची ३२-बिट फाइल. (डेबियन १३ला ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही, हे ज्यांच्याकडे जुन्या अ‍ॅटम प्रोसेसरची मशीन आहेत त्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.) पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, बाजारातून स्वस्तात मिळालेला.

पहिले दोन दिवस झकास गेले. नेट-इन्स्टॉलने दोन मशीन झाली. मग पाऊस जोरात लागला, इंटरनेट गेलं, म्हणून डीव्हीडीची फाइल वापरायला घेतली, आणि मूळ सिस्टीम बसवण्याच्या पायरीवर इन्स्टॉलर थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मशीनची हार्डडिस्क गेली असं मला वाटलं. दुसरं मशीन घेतलं, तिथेही तेच. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबलं की इन्स्टॉलरचा लॉग दिसतो. त्यात वाचताना चूक झाल्याच्या ओळी एकाखाली एक येत होत्या, आणि त्या ओळींत नाव हार्डडिस्कचं नव्हतं, पेनड्राइव्हचं होतं.

घरी येऊन पेनड्राइव्हवरच्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का हे ताडायचा) काढला. डेबियनच्या साइटवरच्या आकड्याशी जुळेना. फाइल पुसून परत कॉपी केली, आकडा काढला, आता जुळला. निश्चिंत होऊन सकाळी वाचनालयात गेलो, तर इन्स्टॉलर त्याच पायरीवर अडला. यात माझे दोन दिवस गेले. कारण नंतर कळलं: कॉपी केल्याकेल्या आकडा काढला तर कॉम्प्युटर फाइल पेनड्राइव्हवरून वाचतच नाही, नुकतीच हाताखालून गेलेली प्रत रॅममधून वाचतो. पेनड्राइव्ह रीतसर काढून, परत लावून आकडा काढायला हवा. तसा काढला, आणि तो पुन्हा चुकला.

शेवटी एफ३ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला. तो पेनड्राइव्ह एकेक जीबीच्या फाइलींनी गच्च भरतो आणि मग लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. ६४ जीबीला रात्र गेली. सकाळी पडद्यावर पहिल्या सात फाइली ठीक आणि आठवीपासून पुढे सगळ्या खराब. ६४ जीबी लिहिलेल्या त्या पेनड्राइव्हमध्ये खरी जागा जेमतेम ७ जीबी होती. आधी कॉपी केलेल्या फाइली म्हणूनच चालत होत्या. डीव्हीडीची फाइल जवळपास ४ जीबीची, तिचा शेपटीकडचा भाग कुठेच लिहिला गेला नव्हता. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण वाचनालयाची धडधाकट हार्डडिस्क मी खराब म्हणून काढून टाकणार होतो, त्याचं जास्त वाटलं.

त्यानंतर नवा पेनड्राइव्ह आणला की आधी एफ३, मगच दुसरं काही. व्हेंटॉयच्या यादीत फाइलीवर थांबून एम दाबलं तर तिथेच तिचा आकडा काढता येतो, ही सोय मला उशिरा कळली. आता प्रत्येक नव्या मशीनवर पहिलं काम ते.

सिक्युअर बूट (ओळखीच्या सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर व्हेंटॉय पहिल्यांदा निळा पडदा दाखवतं आणि पडताळणी फसली म्हणतं. घाबरायचं कारण नाही. तिथून पेनड्राइव्हच्या व्हीटॉय-ईएफआय या भागातली डिजिटल किल्ली एकदा नोंदवली की त्या मशीनवर परत विचारत नाही. पण दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये अशी किल्ली ठेवून येणं मला पटत नाही. डेबियन आणि मिंटच्या स्वतःच्या फाइली सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात, त्यामुळे लोकांच्या मशीनसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवतो, ज्यावर आयएसओ थेट लिहिलेली असते. लिनक्सवर डीडी या कमांडने, विंडोजवर रूफस या प्रोग्रॅमने. रूफसने विचारलं की डीडी पद्धत निवडतो.

या थेट लिहिलेल्या पेनड्राइव्हची एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा. जत्रेच्या नाटकाची संहिता न्यायला काकांनी तो टेबलावरून उचलला, घरच्या विंडोजमध्ये लावला. विंडोजने विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? काकांनी हो म्हटलं. संध्याकाळी मला म्हणाले, "अरे, तो रिकामाच होता, मी नीट करून ठेवलाय." चूक काकांची नाही, विंडोजला त्यावरचे भाग ओळखता येत नाहीत, म्हणून ते तसं विचारतं. आता त्याला लाल सुतळी बांधली आहे.

सगळ्यात जिवावरचा प्रसंग साखळी शहरातल्या मावसबहिणीच्या लॅपटॉपचा. तिला विंडोज ठेवून शेजारी मिंट हवं होतं. पेनड्राइव्ह छान सुरू झाला, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डिस्क इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर होती. ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावी लागते. सरळ बदललं असतं तर विंडोज सुरू झालं नसतं. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (नुसत्या गरजेपुरत्या गोष्टींवर) सुरू होईल असं ठरवायचं, मग सेटिंग बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं, मग सेफ मोड काढायचा. आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची. आम्ही उतरवली होती, आणि सेटिंग बदलल्यावर लॅपटॉपने ती मागितलीच. ती नसती तर तिच्या कॉलेजच्या तीन वर्षांच्या फाइली धोक्यात आल्या असत्या.

किरकोळ अडचणींबद्दल थोडक्यात. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या यूएसबी पोर्टवर भरवसा ठेवू नका, मागचा वापरा. आमच्या पावसाळी दमटपणात पुढचे आधी गंजतात. मशीन चालू करताना एफ१२ दाबूनही कशावरून सुरू करायचं याची यादी येत नसेल तर विंडोज शिफ्ट धरून बंद करा, कारण एरवी ते पुरतं बंद होत नाही. एका मशीनवर पडदा काळा राहिला, तिथे सुरू करतानाच्या ओळीत नोमोडसेट (nomodeset) हा शब्द लिहिल्यावर काम झालं. वायफायसाठी वेगळं फर्मवेअर (वायफायच्या चिपला लागणारी फाइल) शोधत बसायची पाळी मात्र आली नाही. डेबियन १२पासून ते अधिकृत फाइलीतच असतं, आणि केबलचं इंटरनेट नसलेल्या आमच्यासारख्या गावात हा मोठाच दिलासा आहे.

डेबियन टाकताना ग्राफिकल इन्स्टॉल निवडा, भाषांच्या यादीत मराठी आहे. साध्या मजकुराच्या इन्स्टॉलरमध्ये ती दिसत नाही, त्यामुळे मराठी नाहीच असा समज होतो. वाचनालयाचं शेवटचं मशीन नववीतल्या दोन मुलींनी मराठीतून बसवलं, मी मागे उभा होतो. विभाजनाच्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "दादा, ही डिस्क कॉम्प्युटरची की पेनड्राइव्हची?" जीबीचा आकडा बघून ओळखायचं, एवढंच मी सांगितलं. पुढचं त्यांनीच केलं.

आता ३२-बिट नेटबुक तेवढं राहिलंय. डेबियन १२ त्यावर बसलंय, पण १ जीबी रॅमवर ब्राउझर चालवणं कठीण जातं. काकांना फक्त संहिता टाइप करायची आहे, म्हणून ते त्यांच्याकडे देतो आहे.