ट्रेलरची बॅटरी गाडीकडं उलटी येऊ नये म्हणून: डायोड, व्होल्टेज रिले, साधा रिले की डीसी-डीसी?

माझा ताक-सरबताचा ट्रेलर एरवी रंकाळ्याकडं असतो, चैत्रात यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर. ओढायला जुनी बोलेरो. ट्रेलरात बारा व्होल्टचा फ्रीज, 100 एएचची बॅटरी, टपावर सोलर. चालत्या गाडीनं ही बॅटरी भरावी, पण गाडी बंद केल्यावर तिनं बोलेरोकडं वळू नये, एवढंच मागणं.

डायोडपासून, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या पार्टपासून, सुरुवात केली. उलट करंट अडवायचा तर त्याच्याइतका खात्रीचा गडी नाही. पण साधा सिलिकॉन डायोड सहा-सात दशांश व्होल्ट स्वतःच खातो, वर लांब वायरीचं नुकसान वेगळं. डायनॅमोकडून 14 निघाले तरी ट्रेलरात 13 च्या आसपास पोचायचे आणि बॅटरी कायम अर्धपोटी. शॉटकी जातीचा डायोड कमी खातो, पण मोठ्या करंटला तोही तापतोच.

मग व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला. साधारण 13.3 ला जोडतो, 12.8 च्या आसपास सोडतो, किल्लीपर्यंत वायर न्यायला नको. ट्रेलरवर सोलर नसेल तर यात खोड काढणं अवघड आहे. माझ्याकडं सोलर होतं, आणि तिथंच बिनसलं. दुपारी गाडी बंद, ऊन कडक. सोलर दोन्ही बॅटऱ्या 13 च्या वर धरून ठेवायचा, म्हणून रिले सुटायचाच नाही. त्याच्या लेखी इंजिन चालूच! बरं, नुसतं जोडलेलं राहून बिघडत नाही. बिघडतं सेल्फ मारल्यावर. गाडीची बॅटरी क्षणभर खाली बसते, ट्रेलरची बॅटरी तेवढ्याच बारीक वायरीतून सेल्फला जोर द्यायला धावते आणि मधला 30 अँपिअरचा फ्यूज उडतो. उडाल्याचं कळत मात्र नाही. डॅशबोर्डवर ना दिवा, ना आवाज. संध्याकाळी पन्हाळ्याहून उतरायचं, वाटेत बॅटरी भरतेय या भरवशावर राहायचं, आणि रात्री फ्रीज गप्प. सकाळी ताक आंबलेलं. आता ताक आंबटच असतं म्हणा, पण गिऱ्हाइकाला फरक कळतो. तीनदा हे झाल्यावर मी त्याला रामराम केला.

सध्या साधा 40 अँपिअरचा चार पिनांचा रिले आहे, शे-दोनशेत मिळणारा. 30 नंबरच्या पिनवर गाडीची बॅटरी, 87 वरून ट्रेलर, 85 अर्थ, आणि 86 ला किल्लीची एसीसी लाईन, म्हणजे इंजिन बंद असतानाही टेप वगैरे चालवणारी. सेल्फ मारताना माझ्या गाडीत ही लाईन तेवढ्यापुरती बंद पडते, म्हणून फ्यूजला धक्काच लागत नाही. तुमच्या गाडीत पडते का, टेस्ट लॅम्प लावून बघा. आणि 86 ची वायर चुकूनही ट्रेलरकडच्या बाजूनं घेऊ नका. एका वायरमननं माझी तशीच जोडली होती. ट्रेलरची बॅटरीच रिलेला धरून बसली, किल्ली काढली तरी सुटेना. फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे.

उणं एकच: एसीसीवर किल्ली ठेवून गाणी ऐकत बसलात तर दोन्ही बॅटऱ्या एक होतात. मला चालतं, बोलेरोतला टेप तसाही बंद आहे.

डीसी-डीसी चार्जर, म्हणजे येणारं व्होल्टेज हवं तेवढं करून बॅटरीला देणारा डबा, मेहुण्याच्या गाडीवर आहे. उलट करंटचा प्रश्नच नाही, लांब वायर असूनही शेवटी 14.4 देतो, बॅटरी खरोखर पूर्ण भरते. बीएस-6 मधल्या ज्या गाड्यांचा डायनॅमो इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज पाडतो, तिथं कदाचित हाच घ्यावा लागेल. साधा रिले तिथं उपाशी ठेवतो. पण त्याला हजारांत पैसे, आणि बिघडला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत कुणी उघडून दुरुस्त करेल असं मला वाटत नाही. रिले गेला तर डॅशबोर्डच्या कप्प्यात दुसरा पडलेला आहे, बदलायला पाच मिनिटं.