एमएच १५ पासिंगची पांढरी बोलेरो: विकताना काय भाव आला

बोलेरो घरची गाडी म्हणून कशी, हे आमच्या सासूबाईंना विचारा. मागे पाट्याचे स्प्रिंग आणि शेवटच्या दोन सीटा आडव्या. निफाडला बागेवर जाताना तिथं कोण बसणार यावरून दर वेळी भांडण.

पण विकायला काढली तेव्हा सूर बदलला. २०२० ची बी-सिक्स व्हेरिएंट, फर्स्ट ओनर, ऑन-रोड साडेदहा लाखांच्या आसपास पडली होती. गेल्या दिवाळीच्या आधी ६ लाख ८० हजारांना गेली. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. दिंडोरीकडच्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्यानं तेवढा धरला नाही.

त्यानं स्क्रीन, कॅमेरा असलं काही विचारलंच नाही. खाली वाकून चॅसीला गंज आहे का बघितलं, पाटे हातानं चाचपले, रंग पांढराच आहे म्हणून खूश झाला. गाडी २००० पासून बाजारात आहे. वणीपासून सुरगाण्यापर्यंत कुठलाही मेकॅनिक ती डोळे झाकून खोलतो, पार्ट तालुक्याला मिळतात. भाव टिकतो तो एवढ्यासाठीच. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे म्हणून नाशकात जास्त पैसे मिळतात, हे काही मला पटत नाही. धुळ्यालाही हिला गिऱ्हाईक आहेच.

खरा फटका जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा कर सेससकट ३१ टक्क्यांवरून १८ वर आला. बोलेरो त्यात बसते. नवीच स्वस्त झाली, मग जुनीला कोण चढा भाव देणार? ऑगस्टमध्ये सात लाख दहा हजार बोललेला मुंबई नाक्याकडचा एक डीलर ऑक्टोबरात पाच नव्वदवर आला, वर चहा पाजला. डीलरला त्याचा नफा काढायचा असतो, हे मान्य. म्हणूनच थेट शेतकऱ्याला विका, तेही माल विकून हातात पैसा आलेला असताना: टोमॅटोच्या हंगामात, नाहीतर द्राक्षं गेल्यावर एप्रिल-मेमध्ये.

फक्त शहरातच फिरणार असाल, तर रिसेलसाठी बोलेरो घेऊ नका. इंदिरानगर ते कॉलेज रोड रोजचे हिसके कशाला? घेतलीच असेल, तर कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आधी उतरवून ठेवा. तो दिसला की समोरचा लगेच वीस-तीस हजार तोडून बोलतो.